लेबर कॅम्प, रखवालदार आणि पुण्याची थंडी

संपादक महोदय,

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान एकेरी आकड्यावर उतरले की शिवाजीनगर, पाषाण, एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि लोहगाव येथील पारा वृत्तपत्रांत ठळकपणे छापला जातो, पर्वती-तळजाईवर स्वेटर घालून फिरणाऱ्यांची छायाचित्रे येतात आणि हुरडा पार्ट्यांच्या जाहिराती सुरू होतात. या आनंदाला माझी हरकत नाही. परंतु त्याच रात्री शहराच्या कडेला लेबर कॅम्पमधील पत्र्याच्या खोल्यांत झोपणारे बांधकाम मजूर आणि सोसायट्यांच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहणारे रखवालदार यांच्यासाठी आपण पुणेकर थंडीची काय तयारी करतो, हा प्रश्न मला छळतो. अनेक वर्षे बांधकाम पर्यवेक्षक म्हणून काम केल्यामुळे या खोल्या मी आतून पाहिल्या आहेत.

आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की दिवसा तापलेली जमीन रात्री वेगाने उष्णता बाहेर टाकते आणि सूर्योदयाच्या सुमारास पारा सर्वांत खाली जातो. पत्र्याच्या छपराखाली हे अधिक तीव्रतेने जाणवते. पातळ पत्रा उष्णता साठवून ठेवत नाही. मोकळ्या आकाशाखाली तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आत दाटीवाटीने झोपलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प त्याच्या आतल्या बाजूवर जमून पहाटे अंथरुणावर ठिबकते. ओलसर पांघरूण ऊब देत नाही. त्यात खाली उघडा कोबा असला तर अंगातील उष्णता तो सतत ओढून घेतो, आणि म्हणून आणखी एक चादर पांघरण्यापेक्षा अंगाखाली पुठ्ठ्यांचे जाड थर किंवा भाताचा पेंढा भरलेली गोणपाटे घालणे अधिक उपयोगी ठरते. मजुरांना हे चांगले ठाऊक असते. साइटवर टाइल्स आणि फिटिंगबरोबर आलेले पुठ्ठे मात्र बहुधा भंगारात विकले जातात, ही गोष्ट ठेकेदार एका शब्दाने बदलू शकतो.

ऊब मिळाली नाही की माणूस आगीकडे वळतो आणि खरा जीवघेणा धोका तेथे सुरू होतो. घमेल्यात निखारे घेऊन दार-खिडकी बंद करून झोपण्याची सवय मी वारंवार पाहिली आहे. धूर निघून गेला म्हणजे धोका टळला, असा समज त्यामागे असतो. वास्तविक धुमसणाऱ्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. या वायूला ना रंग असतो ना वास, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. डोके दुखणे आणि मळमळ ही पहिली लक्षणे जागेपणी जाणवतात. झोपलेल्या माणसाला ती जागे करतीलच असे नाही. (बंदिस्त न्हाणीघरातील गॅस गिझरचा धोकाही हाच आहे आणि तो पक्क्या घरांत राहणाऱ्यांनी स्वतःसाठी लक्षात ठेवावा.)

साइटवर किंवा तिच्या जवळ मोफत तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने नियोक्त्यावर टाकली होती (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली). बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरही मजुरांच्या कल्याणासाठीच गोळा होतो. या निवाऱ्यात छपराखाली थर्माकोलचा थर, जमिनीपासून वर उचललेल्या फळ्या आणि सुरक्षित वीजजोडणी असावी, एवढी अट परवानगीच्या वेळी घालणे महापालिकेला अशक्य नाही.

रखवालदारांची गोष्ट तर आपल्या दाराशीच आहे. ते फाटकाशी पालापाचोळा आणि प्लास्टिक पेटवून शेकत बसतात, त्याचा धूर सकाळी फिरायला निघालेल्यांना त्रासदायक वाटतो आणि तक्रार होते. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंदी आहे, हे खरे आहे. पण केवळ शेकोटी विझवायला सांगून त्या माणसाची रात्र कशी सरणार? दिल्ली परिसरातील वायुप्रदूषण रोखण्याच्या कृती आराखड्यात निवासी संस्थांनी सुरक्षारक्षकांना विजेचे हीटर पुरवावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. पुण्यातील सोसायट्यांनी त्यासाठी आदेशाची वाट का पाहावी? चारही बाजूंनी बंद होणारी चौकी, एक हीटर, थर्मासभर चहा आणि कानटोपीसह जाड कोट यांचा खर्च गणेशोत्सवाच्या रोषणाईपेक्षा नक्कीच कमी येईल.

ज्यांना चौकीही नाही, त्या बेघरांसाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा असा होता. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती आणि त्यानंतर अनेक गावे हद्दीत आली. त्यामुळे किमान ३१ निवारे हा हिशोब सरळ आहे. त्यांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक स्टेशन, स्वारगेट, मार्केट यार्ड येथे मराठी आणि हिंदीत लावावेत. पदपथावर कुडकुडणारा वृद्ध अचानक कुडकुडायचा थांबला आणि त्याचे बोलणे अडखळू लागले, तर ते बरे वाटल्याचे लक्षण समजू नये. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी दारू देऊ नये, कारण तिने त्वचेकडील रक्तपुरवठा वाढून उष्णता उलट लवकर निघून जाते. ओले कपडे बदलून, कोरडे पांघरूण घालून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असून सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झाले, की हवामान विभाग थंडीची लाट मानतो. पत्र्याखाली झोपणाऱ्यांसाठी त्याआधीच संकट सुरू झालेले असते. पुण्याने जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश तापमानही पाहिले आहे. उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडे केले जातात. महापालिकेने तसाच थंडीचा आराखडा करावा आणि पारा १० अंशांखाली जाण्याचा अंदाज येताच तो अमलात आणावा, ही आयुक्तांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, वारजे, पुणे