दार लोटून ठेवा, कडी नको

बंगळूर,
२१ सप्टेंबर २०२१

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा अनंत चतुर्दशीला फोन केला तेव्हा तुम्ही बादलीतल्या विसर्जनाचं सांगत होतात आणि मागून आईचा आवाज येत होता, "माझ्या पाटल्या द्या. माझ्या पाटल्या कुठंयत?" तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "सगळं बरं आहे, मग बोलू," आणि फोन ठेवलात. ते "मग" अजून आलेलं नाही. फोनवर आई शेजारी असते, तिच्यादेखत तिच्याविषयी बोलणं तुमच्या जिवावर येतं, हे मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. ती झोपली की वाचा. शेवटचा मजकूर तिच्यासाठी आहे, तो मात्र सकाळी चहा झाल्यावर तिला मोठ्यानं वाचून दाखवा. सकाळी तिचं लक्ष चांगलं असतं.

बाबा, समोरच्या काकूंना तुम्ही "आता येत जाऊ नका" म्हणालात, हे मला समजलं. त्यांच्यावर रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. पाच वाजता ओट्यावर येणारी मुलंही बंद केलीत, आणि दाराला आतून कडी. हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ती कडी मी आधी एकदा पाहिली आहे.

मिरजेच्या डॉक्टरांनी २०१८ साली "अल्झायमर" हा शब्द उच्चारला. गाडीत बसल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणालात, "कुणाला काही बोलायचं नाही." त्यानंतर दोन वर्षं आईचे "गुडघे दुखत" होते. लग्नाला का आली नाही? गुडघे. हळदीकुंकवाला का नाही? गुडघे. मामीनं एकदा "म्हातारचळ लागलाय वन्संना" असं म्हटलं, तेव्हा तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठला होतात. तो शब्द मलाही सहन झाला नव्हता. पण खरं सांगते, मीही इथं ऑफिसात कुणाला काही सांगितलं नव्हतं. आईला संधिवात आहे, असंच मी सांगायचे. २०१० सालच्या एका अहवालात देशात स्मृतिभ्रंशाचे ३७ लाख रुग्ण असल्याचं मी वाचलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, मग आपल्या सगळ्या ओळखीपाळखीत एकही कसा नाही? आता वाटतं, त्या सगळ्यांचेही गुडघेच दुखत असणार.

मग टाळेबंदी आली. २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या तेव्हा आईनं विचारलं, "कुणाला मुलगा झाला?" आपण फोनवर हसलो होतो. पण ती पुढचे चार दिवस बारशाला जायचं म्हणून लुगडं नेसून बसत होती, हे तुम्ही मला खूप नंतर सांगितलंत. तिचा सगळा दिवस गणपती मंदिराच्या फेरीवर उभा होता. सकाळी देऊळ, तिथून भाजी, तिथून घर. ती वाट तिच्या पायांना पाठ होती, डोक्याला नसली तरी. देऊळ बंद झालं, वाट बंद झाली आणि दिवेलागणीला तिची तगमग सुरू झाली. "मला घरी जायचंय." घर म्हणजे तासगावचं, जिथं आता कुणीच राहत नाही. या आजारात संध्याकाळ अशीच जाते, उजेड कमी झाला की माणूस बावरतं, हे मला पुढे कळलं. पण तुम्ही एकटे होतात, बाहेर पोलीस होते, आणि तुम्ही दाराला आतून कुलूप घातलंत. ती पेला घेऊन दारावर वाजवायची. मी फोनवर ऐकलंय ते. सहाशे किलोमीटरवर, मध्ये बंद झालेली राज्याची हद्द.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तुम्ही अंघोळीला गेलात, कुलूप लावायचं राहिलं आणि आई गेली. मास्क नाही, चपला नाहीत. नाक्यावर बांबू बांधून बसलेल्या मंडळाच्या पोरांनी तिला अडवलं. पत्ता विचारला, तर ती शाळेचं नाव सांगत राहिली. त्यातल्या एकानं ओळखलं. त्याच्या वडिलांना तिनं तिसरीला शिकवलं होतं. त्यानं तिचा हात न धरता, चार हात पुढे चालत, "बाई, चला, शाळा इकडं आहे" असं म्हणत तिला घरापर्यंत आणलं. तोपर्यंत अर्धी गल्ली खिडक्यांत उभी होती. त्या रात्री तुम्ही मला म्हणालात, "आज अब्रू गेली." तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बाबा, मला या दिवसाबद्दलच बोलायचं आहे. तुम्ही त्याला अब्रू गेली म्हणता. माझ्या हिशेबात आईला पहिली मदत त्या दिवशी मिळाली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ओट्यापलीकडून विचारलं, "नक्की काय होतंय बाईंना?" आणि तुम्ही पहिल्यांदा आजाराचं नाव घेतलंत. त्यानंतर काय काय झालं, ते मी इथं एका वहीत लिहून ठेवत होते, कारण मला त्यात काहीच करता येत नव्हतं. मेडिकलवाल्या दादानं आईच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या बाजूला काढून ठेवल्या, आणि संपल्या तेव्हा मिरजेहून रुग्णवाहिकेबरोबर मागवल्या. दूधवाला हाक मारायच्या आधी दोन पावलं मागे सरकून मास्क खाली करायला लागला, कारण नुसते डोळे पाहून ती घाबरते हे त्याच्या लक्षात आलं. वाण्यानं तिच्या नावाचा एक पुडा ठेवला, रोज तेच पावशेर शेंगदाणे. ती "खरेदी" करायची आणि तुम्ही संध्याकाळी ते परत द्यायचात.

आणि पाढे. ते कुणाला सुचलं, मला अजून नीट माहीत नाही. काकू म्हणतात त्यांच्या नातीला. शाळा बंद, मुलं घरात पिसाळलेली. दुकानांपुढे खडूनं वर्तुळं काढत होते ना, तशी पाच वर्तुळं तिनं आपल्या ओट्यासमोर बोळात काढली, आणि पाच वाजता पाच पोरं त्यात उभी राहिली. आई ओट्यावर खुर्चीत. "बाई, तेराचा पाढा म्हणू?" तुम्ही मला व्हिडिओ लावून दाखवला होतात. ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, ती तेराच्या पाढ्यात चुकलेल्या पोराला "परत म्हण" म्हणत होती. आठवड्याभरात ती दिडकीवर आली. दीड, तीन, साडेचार, सहा. ही पोरं आयुष्यात पहिल्यांदा दिडकी ऐकत होती. डॉक्टरांनी मला सांगितलं, की या आजारात मेंदूचा नवं साठवणारा भाग आधी झिजतो. लहानपणी घोकून बसलेलं, सुरात आलेलं शेवटपर्यंत टिकून राहू शकतं. त्या तासाभरात ती "घरी जायचंय" म्हणत नसे. ती कामावर असे.

तुम्ही तो तास काय करायचात, आठवतं? मागच्या खोलीत झोपायचात. सबंध दिवसातली तुमची तेवढीच झोप होती.

गेल्या वर्षी सप्टेंबरात तुम्हालाच कोरोना झाला. ते दिवस मी अजून नीट आठवू शकत नाही. तुम्ही मिरजेत दाखल, आईची चाचणी निगेटिव्ह, आणि तिला कुठं ठेवायचं? एका खासगी रुग्णालयात मी फोन केला, तर "असा पेशंट नातेवाइकाशिवाय आम्ही घेत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी गाडी काढली. मी पोहोचेपर्यंत दोन रात्री काकूंची सून आपल्या माजघरात, आडवा पडदा बांधून, आईच्या हाकेच्या अंतरावर झोपली. घरात दोन वर्षांचं मूल असताना. आशाताई "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"चा कागद घेऊन आली, तेव्हा तापमानाचं ते यंत्र कपाळाशी नेताच आईनं किंकाळी फोडली, तिला ते पिस्तूल वाटलं. आशाताईनं काय केलं? यंत्र आधी स्वतःच्या मनगटाला लावलं, मग माझ्या, मग आईपुढे हात पसरून म्हणाली, "बाई, तुम्ही बघा मला ताप आहे का." आईनं बघितलं. मग आईनं स्वतःचा हात पुढे केला. हे करायला तिला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. द्यायला हवं होतं, ही माझी तक्रार आहेच. पण तिनं ते केलं.

इथं माझ्या शेजारच्या टेबलावर मलप्पुरमची एक मैत्रीण बसते. तिच्या आजोबांनाही हाच आजार. ती सांगते, त्यांच्याकडे वीसेक वर्षांपूर्वी साध्या लोकांनी, रिक्षावाल्यांनी, शिक्षकांनी थोडं प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायला सुरुवात केली. २००८ साली केरळ सरकारनं त्यासाठी धोरण केलं. टाळेबंदीतही तिच्या आजोबांकडे आठवड्याला कुणीतरी येत होतं, ते आधीपासून येतच होतं म्हणून. आपल्याकडे असं काही बांधलेलं नव्हतं. जे होतं ते त्या बोळातल्या माणसांनी जुळवलं. आणि तेच तुम्ही आता उसवताय.

तुम्ही काकूंना म्हणालात, "लोकांना किती त्रास द्यायचा?" बाबा, हिशेब तुमच्याइतका पक्का मला येत नाही, बँकेत तुम्ही होतात, मी नव्हे. पण या एप्रिल-मे महिन्यात अख्ख्या गल्लीच्या लशीची नोंदणी मोबाईलवर कुणी केली? पहाटे उठून, ओटीपी विचारत, चाळीस-पंचेचाळीस माणसांची? काकूंचे यजमान दवाखान्यात होते तेव्हा सतरा दिवस त्यांच्या घरी डबा कुठून जात होता? त्या डब्याचा लसूण आई सोलत होती, वाटीवर वाटी. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या. एकतर्फी देणं तिथं कधीच नव्हतं.

आता पाटल्यांचं. आईनं काकूंवर चोरीचा आळ घेतला, मुलांसमोर, आणि तोंडातून असा शब्द काढला की तुम्हाला धरणी दुभंगावी असं झालं. शिवाय तिचे कपडे ओले होतात, वास येतो, आणि ते पोरांनी पाहिलं. तुम्ही दार लावलंत ते तिची लाज राखण्यासाठी, माझ्या लक्षात येतंय. ज्या बाईच्या इस्त्रीच्या पातळाची शाळेत वाखाणणी व्हायची तिला कुणी असं पाहू नये, असं मलाही वाटतं. पण आळ घेणं हे तापासारखंच आजाराचं लक्षण आहे. वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, वस्तू तर दिसत नाही, मग कुणीतरी नेली असणार, एवढंच तिच्या मनाला जुळवता येतं. काकूंना मी हे समजावायला गेले तर त्या मलाच म्हणाल्या, "अगं, माझ्या सासूनं तर माझ्यावर विष घालते म्हणून आळ घेतला होता. बाईंनी पाटल्यांवर भागवलं." आणि विचारत होत्या, मोठ्यांसाठीचे डायपर मेडिकलमधून आणून ठेवू का.

म्हणून एवढं करा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी काकूंना येऊ द्या. ते दोन तास तुम्ही घरात बसून राहू नका, घाटावर जा, वाचनालयात जा. आईच्या परकराच्या आत नाव आणि दोन फोन नंबर शिवून घ्या, काकूंची सून शिवून देईल, मी तिच्याशी बोलले आहे. मामीला मी स्वतः पत्र टाकते आहे, त्यात आजाराचं नाव लिहिलं आहे. मलाही रात्री-अपरात्री फोन करा आणि "बरं आहे" म्हणू नका. इथल्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं गेल्या वर्षी मार्चअखेरीस मानसिक आधाराची हेल्पलाइन सुरू केली, तिथं मी दोनदा फोन केला होता. तुम्ही मिरजेत होतात तेव्हा. तुम्हाला सांगितलं नव्हतं. पलीकडच्या बाईंनी माझ्याकडून काही करून घेतलं नाही, फक्त ऐकलं. त्यानंतर मला झोप लागली.

मी दसऱ्याच्या आधी, १३ ऑक्टोबरला येते आहे, तीन आठवड्यांसाठी. ऑफिसात खरं कारण सांगून रजा घेतली आहे.

आई, आता तुझ्यासाठी.
आई, मी मनू. तुझी मोठी मुलगी. तुझ्या पाटल्या सुरक्षित आहेत, मी बँकेत ठेवल्या आहेत, येताना घेऊन येईन. तुझी मुलं तुझी वाट बघतायत. त्यांचे पाढे कच्चे राहिलेत, त्यातल्या एकाला अजून सतराचा पाढा येत नाही. तू त्याला ओरडू नकोस, तो लहान आहे. दोनदा म्हणून घे, येईल त्याला.

बाबा, खडूचं खोकं कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पंचांगांच्या मागे आहे. पावसानं वर्तुळं पुसली असतील. काकूंच्या नातीला हाक मारा, ती काढून देईल.

तुमची,
मनू