मंत्रिमहोदय, समुद्रासमोरच्या इमारतीला साधा लोखंडी स्क्रू कोणी मंजूर केला?

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात वरळीतल्या एका सरकारी इमारतीच्या दर्शनी भागाचं अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल वाऱ्यानं सुटलं आणि माझ्या आईच्या खांद्यावर आदळलं. हाड मोडलं. पॅनेल हलतंय हे मी तिथल्या कार्यालयाला उन्हाळ्यातच लेखी कळवलं होतं. "पावसाळ्याआधी करून घेतो," म्हणाले. कुणी फिरकलं नाही.

मी स्वतः फॅब्रिकेशनच्या धंद्यात आहे. पडलेलं पॅनेल हातात घेऊन पाहिलं. वरून रंग कोरा करकरीत. मागे भोकाभोवती पांढरी भुकटी, भोक बोट जाईल एवढं झालेलं आणि त्यात पापुद्रे सुटलेला लोखंडी स्क्रू. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला टेकलं आणि खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, हे आमच्या शॉपवरचा नवा पोरगाही सांगेल. तिथे 316 ग्रेडचा स्टेनलेस स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वॉशर हवा होता. 304 हा नेहमीचा, स्वस्त स्टेनलेस ग्रेड समुद्रासमोर डागाळतो. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. महाग आहे, मान्य. पण अख्ख्या कामात स्क्रूचा खर्च तो केवढा!

आईला आता वेणी घालता येत नाही, कुशीवर वळता येत नाही. आंघोळीला सुनेचा हात धरावा लागतो, त्याची तिला लाज वाटते. ऑपरेशनचं बिल आम्ही भरलं. विचारपूस करायला तुमच्याकडून शिपाईसुद्धा आला नाही.

टेंडरमध्ये नुसतं 'एसएस' (स्टेनलेस स्टील) लिहू नका, ग्रेड लिहा. माल साइटवर तपासा. पॅनेलचा गाभा प्लास्टिकचा नको. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर 2017 मध्ये तशाच पॅनेलांवरून आग वर चढली, 72 माणसं गेली.

पण तुम्ही ऐकता कुठे? 2019 मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळला, ऑडिटमध्ये तो वापरायला योग्य ठरला होता. 2024 मध्ये राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा नऊ महिनेही उभा राहिला नाही. नट-बोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्यानंच आधी लिहिलं होतं! सगळ्यात कमी दरवाल्याला काम, वर रंग, फीत कापायची, फोटो. गंज लागतो तेव्हा साहेबांची बदली झालेली असते आणि पत्रा आमच्या डोक्यावर पडतो.

या इमारतीला कुठल्या ग्रेडचा स्क्रू मंजूर होता आणि बिल कुठल्या ग्रेडचं निघालं, तो कागद मला द्या.

वरळीचा एक रहिवासी