ठेव मोडू नका, घर नावावर करू नका

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आमच्या पुण्यातल्या घरासाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतली ठेव मोडायची आणि राहते घर दादाच्या नावे करून द्यायचे, असा तुमचा विचार बाबांनी कळवला. हा विषय फोनवर नीट बोलून होणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, त्या १५ लाखांवर ८.२ टक्के दराने दर तिमाहीला ३०,७५० रुपये तुमच्या खात्यात जमा होतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मिळणारी ईपीएस ९५ची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही; आईची बीपी-शुगरची औषधे, वीजबिल, घरपट्टी आणि लग्नकार्यातला आहेर हे सारे त्या व्याजावरच भागते. ठेवीला दोन वर्षे झाली असल्याने आता ती मोडल्यास मुद्दलातून १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये, कापले जातील. पण मला काळजी त्या कपातीची नाही. आम्ही दोघे अजून वीस-पंचवीस वर्षे कमावणार आहोत आणि बँक आमच्या पगाराकडे पाहून कर्ज देते. उद्या दवाखान्याचा मोठा खर्च निघाला तर तुम्हाला या वयात तसे कर्ज कोण देईल?

आमचा हिशेब असा आहे. ६० लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते. उरलेले १२ लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आम्हाला उभा करायचा आहे. घर माझ्या एकटीच्या नावे घेतल्याने महिला खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळेल. बाकी रक्कम साठेपर्यंत वर्षभर भाड्याच्या घरात राहावे लागले, तरी आमचे काही बिघडत नाही.

दादाच्या बाबतीत लिहिताना मन जड होते. त्याचा धंदा अडचणीत आहे आणि त्याला हात द्यावा असे मलाही वाटते. मला घरात वाटा हवा म्हणून मी हे लिहीत नाही, हे तोही जाणतो. परंतु मुलाला दिलेल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असले, तरी एकदा नोंदणी झाली की ते मनात आले म्हणून फिरवता येत नाही. पुढे त्याने धंद्यासाठी घर तारण ठेवले आणि हप्ते थकले, तर बँक तुम्ही तिथे राहता हे पाहणार नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट न पाळल्यास, २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार परत मिळवता येते; पण त्यासाठी पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करावा लागेल, आणि आई, ते तुझ्याने कधीही होणार नाही. त्याच्या नावे करायचेच असेल तर मृत्युपत्र करा. ते हयातीत केव्हाही बदलता येते. आज दादाला द्यायचे ते वर्षाच्या व्याजातून जे शिल्लक राहते त्यातून द्या, आणि तेवढेच देणे शक्य आहे, हे त्याला स्पष्ट सांगा.

तुमच्याकडून काहीच नको, असे मात्र नाही. आईची आरडी दिवाळीत पूर्ण होत आहे. त्यातून ती नव्या घरासाठी जे देईल ते मी आनंदाने घेईन. बाळंतपणानंतर महिनाभर ती माझ्याजवळ असावी, अशी माझी फार इच्छा आहे. वर्षभर बाळ सांभाळायची गोष्ट मात्र आई, तू मनातून काढून टाक. गणपतीत तू जिना उतरताना भिंतीला हात लावून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरत होतीस, ते मी पाहिले आहे. आमच्या भागातले एक चांगले पाळणाघर आम्ही बघून ठेवले आहे.

ठेव मोडण्याचा अर्ज भरला असेल तर तो पोस्टात देऊ नका. येत्या शनिवारी आम्ही दोघे येतो, दादालाही बोलावते. बाबा, तुमची खर्चाची वही काढून ठेवा. महिन्याला किती लागते ते आधी मांडू आणि मग दादाचे ठरवू.

तुमची लेक