एकिदेनचा प्रारंभ १९१७ सालचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लांब पल्ल्याच्या रिले शर्यतींवरील लेखात जपानमधील ‘एकिदेन’ या रस्त्यावरील रिले शर्यतीचा प्रारंभ १९२० च्या हाकोने शर्यतीपासून (तोक्यो ते हाकोने आणि परत अशी विद्यापीठांची एकिदेन) झाल्याचे म्हटले आहे. तो १९१७ साली झाला, ही दुरुस्ती मी आग्रहाने सुचवीत आहे, कारण त्याआधीची शर्यत वगळली तर ‘एकिदेन’ या नावाचा उगमच हरवतो.

पहिली एकिदेन २७ एप्रिल १९१७ रोजी क्योतोच्या सान्जो पुलावरून निघाली. तोक्यो राजधानी झाल्याच्या ५० वर्षांनिमित्त ‘योमिउरी शिंबुन’ने ती भरवली होती, वृत्तपत्राच्या वाचकाला हा तपशील विशेष मोलाचा वाटतो. कान्तो आणि कान्साई या दोन प्रदेशांचे संघ २३ टप्प्यांत सुमारे ५०८ किलोमीटर अंतर रात्रंदिवस धावून तिसऱ्या दिवशी तोक्योतील उएनोच्या तळ्याकाठी पोहोचले. मार्ग जुन्या तोकाइदोचा, म्हणजे ज्या रस्त्यावरील ५३ ठाण्यांवर पूर्वी घोडे आणि निरोपे बदलत, त्याचाच होता. ‘एकि’ म्हणजे ठाणे आणि ‘देन’ म्हणजे पुढे पोहोचवणे; आपल्याकडील डाकचौक्यांविषयी ज्यांनी वाचले आहे, त्यांच्या हे सहज लक्षात येईल.

विजयी कान्तो संघाचा अखेरचा टप्पा शिझो कानाकुरी धावले. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील मॅरेथॉन कडक उन्हामुळे त्यांना अर्धवट सोडावी लागली होती आणि १९१६ चे ऑलिंपिक महायुद्धामुळे झालेच नाही. एकट्यादुकट्या धावपटूवर विसंबून चालणार नाही, अनेकांना एकाच वेळी लांब अंतराची सवय लागली पाहिजे, ही त्यांची तळमळ होती, आणि त्यांच्याच पुढाकारातून हाकोनेची शर्यत उभी राहिली. तिच्या पहिल्या वर्षी वासेदा, केइओ, मेइजी आणि तोक्यो उच्च अध्यापक विद्यालय असे चारच संघ होते. त्यांत अध्यापक विद्यालय जिंकले.

लेखात बॅटनचा उल्लेख आहे, तोही बरोबर नाही. एकिदेनमध्ये बॅटन नसते. खांद्यावरून तिरका घेतलेला ‘तासुकी’ हा कापडी पट्टा एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हाकोनेत सर्वांत आघाडीच्या संघापासून ठरावीक मिनिटांहून अधिक मागे पडलेल्या संघाच्या पुढच्या धावपटूला, वाहतुकीसाठी रस्ता मोकळा करायचा असल्याने, आपल्या पट्ट्याची वाट न पाहता निघावे लागते. मागून येणारा धावपटू ठाण्यावर पोहोचतो, तेव्हा पट्टा हाती असूनही तो घ्यायला कोणी उभे नसते. संघाची वेळ मोजली जाते, पण साखळी तुटलेली असते. माझ्या मते जपानी प्रेक्षकांना रस्त्याच्या कडेला थंडीत तासन्‌तास उभे करणारी गोष्ट हीच आहे. वेळेच्या तक्त्यांतून ती कळत नाही.

हा खुलासा पुढील रविवारच्या अंकात छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा