कडू संत्र्याचा काढा वेगळा, कॅप्सूल वेगळी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत चरबी वितळवणाऱ्या चिनी कडू संत्र्यावर आलेला लेख वाचला. चिनी लोक हे फळ दोन हजार वर्षांपासून वजन उतरवण्यासाठी घेत आले आहेत, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. वनौषधी शिकवण्यात माझी हयात गेली असल्याने हे विधान खोडून काढणे मला भाग आहे.

चिनी वैद्यकात ज्याला ‘झीशी’ म्हणतात, ते कडू संत्र्याचे मे-जूनमध्ये गळून पडलेले किंवा उतरवलेले कोवळे फळ होय. ते आडवे कापून उन्हात किंवा मंद आचेवर वाळवतात. आमच्या प्रयोगशाळेत त्याची एक बरणी होती आणि नमुना हातात दिला की विद्यार्थी हमखास म्हणत, ‘सर, ही तर फोडलेली सुपारी!’ पाठीवर काळपट हिरवी, ठिपक्याठिपक्यांची साल, कापलेल्या अंगाला पिवळसर पांढरी जाड कड आणि मधोमध आक्रसून तपकिरी पडलेल्या इवल्याशा फोडी. चव आधी कडू, मग किंचित आंबट. हेच फळ जुलैपर्यंत झाडावर वाढू देऊन हिरवे असतानाच काढले, तर ते ‘झीच्याओ’ होते आणि त्याचा गुण सौम्य मानला जातो.

इसवी सन २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या एका प्रसिद्ध काढ्यात झीशीबरोबर रेवंदचिनी, मॅग्नोलियाची साल आणि सोडियम सल्फेटचा क्षार असतो. हा काढा ज्याला ताप चढला आहे, शौचाला होत नाही आणि ज्याचे पोट फुगून हात लावू देत नाही, अशा रुग्णासाठी सांगितला आहे. त्यात लठ्ठपणाचा संबंध नाही. आजही झीशी साधारणपणे ३ ते १० ग्रॅम, इतर द्रव्यांच्या जोडीने, काढ्यात घालतात आणि गर्भवतींना जपून देतात.

मग चरबीची गोष्ट आली कुठून? ती अमेरिकेतून आली. वजन उतरवण्याच्या गोळ्यांत तेथे ‘माहुआंग’ म्हणजे एफेड्रा ही दुसरी चिनी वनस्पती सर्रास वापरली जात असे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या तक्रारींनंतर २००४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने अशा पूरक आहारांवर बंदी घातली. उत्पादकांना पर्याय हवा होता. कडू संत्र्यातील सिनेफ्रिन हे द्रव्य रचनेने एफेड्रातील एफेड्रिन या द्रव्याच्या जवळचे असल्याने ‘एफेड्रामुक्त’ असे लेबल लावून कडू संत्र्याचा अर्क कॅप्सूलमधून बाजारात आला. (गंमत अशी की, जुने झाल्यावरच अधिक चांगली ठरणारी म्हणून जी सहा औषधे चिनी परंपरेत एकत्र सांगितली आहेत, त्यांत झीशी आणि माहुआंग दोन्ही आहेत.) चिनी औषधकोश, म्हणजे औषधांचे अधिकृत निकष सांगणारा ग्रंथ, वाळलेल्या फळात किमान ०.३ टक्के सिनेफ्रिन मागतो, तर या अर्कांत ते अनेकदा ६ टक्के किंवा त्याहून अधिक असते आणि वर कॅफिनची भर असते. वजन उतरल्याचा पुरावा तोकडा आहे. रक्तदाब व नाडीचे ठोके वाढल्याच्या नोंदी मात्र आहेत.

लेखाच्या शेवटी नागपुरी संत्र्याची साल घरी वाळवून ‘तोच गुण’ मिळवण्याचा सल्ला आहे. आमच्याकडे संत्र्याच्या सालींना तोटा नाही, त्यामुळे तो कोणी अमलात आणणे सहज शक्य आहे. परंतु नागपुरी संत्रे ही मँडरिन या सैल सालीच्या गोड संत्र्याची जात, कडू संत्र्याची नव्हे. पिकलेल्या मँडरिनची मुरवलेली साल चिनी लोकही वापरतात, पण तिचे नाव ‘चेनपी’ आणि ते झीशीहून वेगळे औषध समजले जाते. शिवाय बाजारातल्या फळावर फवारणीचे अंश असू शकतात, ही साधी गोष्टही लेखात नाही.

तरी मूळ लेख जेवढ्या ठळकपणे छापला तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या गोळ्या सुरू असलेल्यांनी अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, एवढी ओळ तीत घालावी, ही विनंती.

आपला नम्र,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नागपूर