तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीसाठी धावून आलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "ते राहू दे, मुलं काय म्हणतायत?" असं विचारून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. उद्या दुसऱ्या एखाद्या विभागावर अशी वेळ आली तर त्यांनाही तुमची पद्धत कळेल, हाही एक हेतू.

सत्र तोंडावर आलं आणि ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचा अभ्यास, शिकवणारे आमचे सर दीर्घ रजेवर गेले. तासिका तत्त्वावर कुणीतरी घ्या आणि वेळापत्रक भरा, असा वरून निरोप. जाहिरातीचा मसुदाही नेहमीच्या साच्यातला : पात्रता नियमानुसार, अनुभवास प्राधान्य. तुम्ही तो वाचलात आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिलेत. वर्गात मुलं किती? पेपर कोण काढणार, कोण तपासणार, तपासण्याचं मानधन वेगळं की तासातच धरलेलं? पैसे दर महिन्याला की सत्र संपल्यावर? आणि रजेवरचे सर मध्येच परतले तर या माणसाचं काय?

शेवटच्या प्रश्नावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तुम्ही कार्यालयात जाऊन बसलात आणि सत्र संपेपर्यंत नेमणूक चालू राहील, हे लेखी घेऊनच उठलात. निवृत्तीनंतर हा खटाटोप तुम्हाला कुणी सांगितला होता?

तासाचा दर वाढवून घेणं ना तुमच्या हातात होतं ना माझ्या. कागदावर एक तास म्हणजे एकच तास. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा संशय, म्हणजे ज्यावर शंका घेता येते ते सगळं बाजूला ठेवून पाहणं, वर्गात मांडायचा तर आधी मजकूर पुन्हा वाचावा लागतो, मुलं कुठे अडतील ते हेरावं लागतं, आणि नंतर निबंधांचा गठ्ठा घरी न्यावा लागतो. त्यातले निम्मे निबंध "म्हणून जगात काहीच खरं नाही" असं ठोकून मोकळे होतात. हे सगळं हिशेबात कुठेच येत नाही. निदान पेपर तपासणीचं मानधन वेगळं धरलं गेलं आणि ग्रंथालयातून पूर्णवेळ शिक्षकांइतकीच पुस्तकं मिळू लागली, ती तुमच्यामुळे.

अर्धवेळ म्हणजे दुय्यम, असा सूर समितीत निघाला तेव्हा तुम्ही जर्मन तत्त्वज्ञ कांटला मध्ये आणलंत. १७५५ पासून १७७० पर्यंत तो विद्यापीठाच्या पगाराशिवाय शिकवत होता. वर्गाला येणारी मुलं जी फी देत त्यावर भागवायचं. तर्कशास्त्र आणि तत्त्वमीमांसेचं प्राध्यापकपद मिळालं ते १७७० साली. सगळे माना डोलवू लागले तसं तुम्ही लगेच म्हणालात, "पण त्याचे हाल झाले म्हणून आपणही करायचे असं नाही." ही पुस्ती महत्त्वाची होती. नाहीतर कांटचं नाव घेऊन मानधन आणखी कमी करणारे महाभागही असतात.

सगळ्यात मोठे आभार मात्र उमेदवारांच्या प्रात्यक्षिक तासासाठी. समितीपुढे नको, खऱ्या वर्गापुढे घ्या, हा हट्ट तुमचा. लांबलचक प्रकाशनयादी घेऊन आलेले एक उमेदवार स्वतःच्या प्रबंधातून बाहेरच पडले नाहीत. मग आता आमच्याकडे शिकवणाऱ्या या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी तत्त्वज्ञ रसेलचं बंद घड्याळाचं उदाहरण घेतलं : घड्याळ बंद पडलंय, पण आपण पाहिलं त्या क्षणी काटे नेमकी खरी वेळ दाखवतायत. मग वेळ आपल्याला 'माहीत' होती का? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "उत्तर बरोबर आलं ना? मग झालं की." बाईंनी त्याला खोडून काढलं नाही. "तू दहा मिनिटांनी पाहिलं असतंस तर?" एवढंच विचारलं आणि थांबल्या. तो अडखळला, शेजारची त्याच्याशी वाद घालायला लागली, आणि 'खरा आणि सकारण विश्वास म्हणजे ज्ञान' या व्याख्येला धक्का देणाऱ्या, तत्त्वज्ञ गेटियरच्या १९६३ सालच्या त्या तीन पानी लेखाचं नाव फळ्यावर येण्याआधीच त्यातली अडचण वर्गाला बोचायला लागली. तुम्ही माझ्याकडे न बघताच कागदावर त्यांच्या नावापुढे खूण केलीत. मला तोवर प्रकाशनयादीच मोठी वाटत होती, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

बाई आता रुळल्यात. स्टाफरूममध्ये त्यांना टेबल आणि कुलपाचं कपाट मिळालंय. तासानंतर मुलं तिथेच गाठतात. या भेटींचं मानधन अजून कुठल्याच रकान्यात बसत नाही. पुढच्या सत्राच्या प्रस्तावात मी ते घातलंय, मसुदा सोबत जोडतोय. पेन्सिल चालवावी.

आणखी एक. तत्त्वज्ञ ह्यूमवर तुम्ही वर्षानुवर्षं काढलेल्या प्रश्नपत्रिका बाईंना हव्या आहेत. तुमची हरकत नसेल तर या आठवड्यात त्या स्वतःच न्यायला येतील.

आपला,
विभागप्रमुख, तत्त्वज्ञान विभाग