बाहेर पडणार नाही, तरी व्हिसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलगा मेक्सिकोत केरेतारोला नोकरीला आहे. त्याच्याकडे जायला आम्ही दोघं मार्चमध्ये निघालो. मेक्सिकोचा व्हिसा हातात होता. तिकीट मुंबई–न्यूयॉर्क–मेक्सिको सिटी, कारण तेच सर्वांत स्वस्त. "विमानतळाबाहेर पडणार नाही ना, मग अमेरिकेचा व्हिसा कशाला?" असं एजंट म्हणाला, आणि मलाही ते पटलं. सोसायटीतले एक गृहस्थ लंडनमार्गे टोरांटोला जाऊन आले होते, त्यांना कुठे ब्रिटनचा व्हिसा लागला?

काउंटरवर बॅग काट्यावर चढली. बावीस किलो आठशे, बसलं एकदाचं वजनात! तिथल्या मुलीने पासपोर्टची पानं चाळली, पुन्हा चाळली. मग "अमेरिकेचा व्हिसा?" पाच मिनिटांत बॅगा पट्ट्यावरून उतरून आमच्या ट्रॉलीवर. आमची ही एवढंच म्हणाली, "आता लाडू परत चिंचवडला न्यायचे?"

नियम मग कळले. अमेरिकेत विमान बदलण्यापुरतं आत थांबायची सोयच नाही. प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं, बॅगा घेऊन कस्टम्स ओलांडून पुन्हा जमा कराव्या लागतात. त्यासाठी सी-१ हा ट्रान्झिट, म्हणजे वाटेत विमान बदलण्यापुरता, व्हिसा लागतो; म्हणजे अर्ज, फी आणि मुलाखत. कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीलाच दंड होतो, तेव्हा त्या मुलीचा काय दोष? ब्रिटनही आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा मागतं. पण कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते. टोरांटोवाल्यांचं गुपित ते! दोन वेगळी तिकिटं जोडून जाणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. मधे बॅग घ्यायला बाहेर यावं लागलं, की त्या देशात शिरण्याचाच व्हिसा हवा.

तिकीट काढताना शाकाहारी की मांसाहारी तेही विचारतात. पण ट्रान्झिट व्हिसाबद्दल अवाक्षर नाही. ई-मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत 'कागदपत्रांची जबाबदारी प्रवाशाची' तेवढं. काउंटरवर टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत हे सगळे नियम बघतात. तेच पैसे घेण्याआधी बघणं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एजंटांना आणि संकेतस्थळांना सक्तीचं करावं.

आमचे तिकिटाचे करवगैरे तेवढे परत आले. महिन्याने इस्तंबूलमार्गे गेलो, एकाच तिकिटावर. लाडू नवीन करावे लागले.

– एक ज्येष्ठ वाचक, चिंचवड